लावलेले गवत आणि उरलेले गवत : सांगवीतील हिरवळींचा बदलता चेहरा

मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमालगतची सांगवी हे मूळचे शेतीचे गाव. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. त्यानंतरच्या दशकांत येथील शेतांवर प्रथम बंगले, मग तीन-चार मजली इमारती आणि अखेरीस लिफ्टची गृहसंकुले उभी राहिली. दारापुढे चार हात का होईना, पण हिरवळ हवी, ही हौस मात्र तिन्ही टप्प्यांत टिकून राहिली. यांपैकी दहा-बारा वर्षांची एखादी हिरवळ वाकून, पाने बोटांनी बाजूला सारून पाहिली, तर रोपवाटिकेच्या बिलावर ज्या गवताचे नाव होते, ते अनेकदा निम्मेही उरलेले नसते. लांबून दिसणारा हिरवा रंग तोच असतो. गवत मात्र दुसरेच असते.

माळ्याच्या हलगर्जीपणामुळे असे होते, असा बहुतेक सोसायट्यांचा समज असतो आणि त्यावरून कंत्राटे बदलली जातात. हलगर्जीपणाचा वाटा असतोही. पण तो मोठा नसतो. हिरवळ ही अनेक वनस्पतींची एकत्र वस्ती असते. ऊन, पाणी, माती आणि कापणीचे पाते या चार गोष्टींवरून त्या वस्तीत कोणाला किती जागा मिळणार, हे ठरत असते. यांपैकी एक गोष्ट बदलली तरी वाटण्या नव्याने होतात. सांगवीसारख्या वाढत्या उपनगरात तर चारही गोष्टी बदलत असतात.

विकत मिळणारी गवते

पुणे परिसरात हिरवळीसाठी गवत बहुधा मुळांसकट कापलेल्या चौकोनी गाद्यांच्या रूपाने येते. उरुळी कांचनच्या रोपवाटिका यासाठी प्रसिद्ध आहेत. या बाजारात सर्वाधिक मागणी असलेल्या नावांपैकी एक म्हणजे ‘मेक्सिकन’. या नावाने जे विकले जाते, ते बहुधा झॉयसिया वंशाचे गवत असते आणि त्या वंशाचा मेक्सिकोशी काही संबंध नाही. तो पूर्व व आग्नेय आशियाचा आणि ऑस्ट्रेलियाकडचा. बारीक, दाट, पायाला स्पंजासारखे लागणारे हे गवत वाढते मात्र अतिशय सावकाश. ‘सिलेक्शन-१’ हा आपल्या हरळीचाच निवडक प्रकार. सावलीच्या जागी रुंद पात्याचे कार्पेट गवत, म्हणजे ॲक्सोनोपस, लावले जाते. ते उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेले आहे.

चौथे गवत कोणी विकत आणत नाही, तरी ते सर्वत्र असते. ती म्हणजे साधी हरळी, गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. जमिनीवरून धावणारी खोडे आणि जमिनीखालून जाणारी खोडे अशी दोन्ही साधने तिच्यापाशी आहेत आणि प्रत्येक पेरावर मूळ धरण्याची तिची तयारी असते. शेतकरी तिला तण म्हणून उपटतो, शहरातला माणूस ‘बर्म्युडा’ या नावाने तिच्याच जातकुळीसाठी पैसे मोजतो. आपल्या आवारातील हरळी उपटून काढण्याचे काम कंत्राटदाराला सांगणाऱ्या सोसायट्याच भाद्रपदात दूर्वांच्या जुड्या बाजारातून विकत आणतात, हा विरोधाभास कोणाच्या फारसा लक्षात येत नाही.

परदेशी बियाण्याची मिश्रणेही आता घरपोच मिळतात. त्यांत राय गवत, फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास यांचे बी एकत्र असते. मिश्रणामागील विचार चांगला आहे. राय आठवड्याभरात उगवून माती झाकते, ब्लूग्रासला उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, पण ते जमिनीखालून पसरून पुढे कायमची जागा धरते. एकाला रोग झाला तर दुसरे उभे राहते. युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत हे गणित जमते. ही सारी थंड हवामानाची गवते आहेत आणि पंधरा ते चोवीस अंश सेल्सियस तापमानात त्यांची वाढ उत्तम होते. सांगवीत डिसेंबरमध्ये पेरलेले मिश्रण जानेवारीत डोळ्यांचे पारणे फेडते आणि एप्रिलमध्ये पारा चाळीस अंशांकडे सरकला की करपून जाते. त्याने मोकळी केलेली जागा तापमान वाढेल तशी जोमाने वाढणारी हरळी घेते. तीन जातींचे मिश्रण पेरून वर्षअखेर चौथीच हाती येते, ती अशी.

पात्याचे राजकारण

एकत्र वाढणाऱ्या गवतांत कोण मागे पडते, या प्रश्नाचे एक जुने उत्तर चार्ल्स डार्विन यांनी दिलेले आहे. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्यांनी तीन फूट बाय चार फूट अशा कापलेल्या हिरवळीच्या एका तुकड्याची हकीकत सांगितली आहे. त्या तुकड्यात वीस जातींच्या वनस्पती होत्या. कापणी थांबवून त्यांना मनसोक्त वाढू दिल्यावर वीसपैकी नऊ जाती नष्ट झाल्या. उंच वाढणाऱ्यांनी बुटक्यांचे ऊन अडवले, हे त्याचे कारण. याचाच अर्थ असा, की कापणी ही उंचीचा फायदा काढून घेणारी आणि बुटक्यांना जगवणारी व्यवस्था आहे.

महाराष्ट्रातील माळरानांवर हेच काम गुरांच्या तोंडाने होत आले आहे. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातील गवताळ प्रदेशांची जी पाहणी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली, तीत दख्खनचा प्रदेश सेहिमा आणि डायकँथियम, म्हणजे शेडा आणि मारवेल, या गवतांच्या पट्ट्यात येतो. चराई वाढली की ही उंच, पौष्टिक गवते मागे हटतात, कुसळी पुढे येते, आणखी वाढली की वर्षायू व निकृष्ट गवते माजतात. हरळीला मात्र चराईचे भय नाही, कारण तिची वाढीची टोके जमिनीलगत आणि जमिनीखाली असतात. यंत्राने होणारी कापणी ही न थांबणारी चराईच होय. त्यामुळे पाते जितके खाली आणि जितके नियमित, तितकी हिरवळ हरळीच्या बाजूने झुकत जाते.

सांगवीच्या हिरवळींत प्रत्यक्षात घडते ते याहून अधिक गुंतागुंतीचे. जुलै-ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला की तीन-चार आठवडे कापणी होत नाही. गवत वीतभर वाढते, वरचे पाते हिरवे आणि बुडखा पिवळा होतो. उघडीप मिळताच एका दिवसात सारे जमिनीसपाट कापले जाते. उघड्या पडलेल्या पिवळ्या बुडख्यांमधून ऊन थेट मातीपर्यंत पोहोचते आणि तिथे पडून असलेले बी जागे होते. रान नाचणी, एकदांडी, नायटी, आंबुशी यांची गर्दी ऑगस्टअखेर दिसते, ती या एका कापणीची देणगी असते. एका वेळी पात्याच्या उंचीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा नियम माळ्यांना ठाऊक असतो; पाऊस तो पाळू देत नाही.

सावली वाढते, हरळी हटते

हरळीचा एक मोठा दुबळेपणा आहे, तो म्हणजे तिला सावली सोसत नाही. दिवसातून सहा ते आठ तास थेट ऊन मिळाले तरच ती दाट राहते. जुन्या बंगल्यापुढील हिरवळ लावली गेली, तेव्हा आजूबाजूला मोकळी जागा असते. पुढच्या दहा वर्षांत दक्षिणेला बहुमजली इमारत उभी राहते, कुंपणालगत लावलेला गुलमोहर किंवा सोनमोहर छत्रीसारखा पसरतो. हरळी प्रथम विरळ होते, तिची पेरे लांबतात, मग ती उन्हाच्या कडेने मागे सरकते. तिच्या जागी झॉयसिया असेल तर तो काही काळ तग धरतो. कार्पेट गवत असेल तर ते सुखाने पसरते. दोन्ही नसतील तर शेवाळ आणि उघडी माती उरते.

म्हणूनच मिश्र हिरवळ काही वर्षांनी सरमिसळ राहत नाही. तिचे पट्टे पडतात. झाडाखाली एक जात, मोकळ्या उन्हात दुसरी, नळाच्या तोटीपाशी तिसरी, पायवाटेच्या कडेला चौथी. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘हिरवळीला ठिगळे पडली’ अशी जी तक्रार होते, ती ठिगळे म्हणजे त्या आवारातील ऊन-सावलीचा आणि ओलाव्याचा नकाशाच असतो.

झॉयसिया आणि हरळी यांची लढत यात विशेष पाहण्यासारखी आहे. झॉयसियाची दाट गादी एकदा जमली की तीत शिरणे कोणालाही कठीण. परंतु ती जमायला वेळ लागतो. लावणीच्या वेळी दोन गाद्यांमध्ये राहिलेली फट, कुत्र्याने उकरलेला खड्डा, लग्नसमारंभाच्या मांडवाचे खांब रोवलेल्या जागा, अशा प्रत्येक भोकातून हरळी आत येते आणि एका पावसाळ्यात फूट-दीड फूट सहज सरकते. एकदा ती झॉयसियाच्या विणीत गुंतली की एकीला वगळून दुसरीला मारण्याचा सोपा उपाय उरत नाही.

एकाच जातीची हिरवळ तरी स्थिर राहते का? तीही राहत नाही. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी हरळीच्या संकरातून तयार केलेले ‘टिफग्रीन’ हे गवत १९५६ मध्ये गोल्फच्या मैदानांसाठी प्रसारित झाले. ते वांझ असल्याने बियांतून भेसळ होण्याचा प्रश्न नव्हता. तरीही काही मैदानांत त्याचे बुटके, अधिक दाट ठिपके दिसू लागले. ते उत्परिवर्तन होते. त्यांतून निवडलेला ‘टिफड्वार्फ’ हा वाण १९६५ मध्ये स्वतंत्रपणे बाजारात आला.

लव्हाळा

सांगवीकरांची खरी डोकेदुखी मात्र गवत नव्हेच. लव्हाळा, म्हणजे नागरमोथा, दिसतो गवतासारखा, पण तो वेगळ्या कुळातला. त्याचा तुरा धरणारा दांडा तीन धारांचा असतो. बोटांत फिरवून पाहिला की लगेच ओळखू येतो. संत तुकारामांच्या अभंगामुळे लव्हाळ्याची नम्रता मराठी माणसाला परिचित आहे. हिरवळीत तो नम्रतेने वागत नाही. कापणीनंतर चार दिवसांत तो आजूबाजूच्या गवताच्या वर डोके काढतो आणि जगातील सर्वांत उपद्रवी तणांच्या यादीत त्याला तज्ज्ञांनी पहिले स्थान दिलेले आहे.

त्याचे बळ जमिनीखाली आहे. बारीक दोऱ्यासारख्या खोडांनी जोडलेल्या गाठींची माळच तिथे असते. माळेतील टोकाची गाठ उगवते आणि बाकीच्यांना झोपवून ठेवते. वरचे पान उपटले की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठींवरचा अंकुश उठतो. एका रविवारी श्रमदानाने उपटलेला लव्हाळा पंधरा दिवसांनी दुप्पट दिसतो, त्याचे कारण हे. पात फुटल्यापासून तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. त्याआधी, म्हणजे दर दोन-अडीच आठवड्यांनी, न चुकता उपटत राहिले तरच जुन्या गाठींतील साठा हळूहळू संपतो. हे काम एका हंगामाचे नव्हे. मोसमात दोनदा उपटून सोडून देण्यापेक्षा एकदाही न उपटलेले बरे, इतके त्यात सातत्य लागते.

तो येतो कोठून? बहुतेक वेळा मातीबरोबर. हिरवळ लावताना ट्रकने आणलेली लाल माती आणि अर्धवट कुजलेले शेणखत यांतून गाठी आणि बिया येतात. सांगवीत दुसरा मार्ग नदीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मुळशी आणि पवना धरणांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडल्यावर येथील नदीकाठच्या वसाहतींत पूर शिरला. असे पाणी ओसरताना मागे गाळाचा थर ठेवून जाते. चार बोटे गाळाखाली झॉयसियासारखे बुटके, संथ गवत गुदमरते. हरळी आपल्या भूमिगत खोडांतून आणि लव्हाळा आपल्या गाठींतून तोच थर फोडून वर येतात. नदीकाठच्या आवारात पुरानंतर नवी महाग गादी अंथरण्यापूर्वी याचा विचार झालेला बरा.

पाणी आणि खत

उन्हाळ्यात हिरवळीतून दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी उडून जाते, असे धरले तर हजार चौरस फुटांच्या हिरवळीला रोज साडेचारशे लिटरहून थोडे अधिक पाणी लागते. शहरी पाणीपुरवठ्याचा दरडोई १३५ लिटरचा निकष लावला, तर हे साधारण साडेतीन माणसांचे पाणी झाले. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि तो पुढे वर्षानुवर्षे चालला. तेव्हापासून हिरवळीला पिण्याचे पाणी घालणे ही खासगी बाब राहिलेली नाही. मोठ्या संकुलांतून सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे पाणी यासाठी वापरले जाते, ते योग्यच आहे. या पाण्यात क्षार अधिक असतात आणि गवताला लागणारे नत्रही असते. झॉयसिया व हरळी दोघीही क्षार बऱ्यापैकी सोसतात. कार्पेट गवत तितके सोसत नाही. काळ्या मातीत निचरा नसेल तर क्षार वर साठतात आणि सावलीतले कार्पेट गवत कडांपासून तपकिरी होऊ लागते.

पाण्याचा अतिरेक तुटवड्याइतकाच गवत बदलतो. रोज शिडकावा करून माती वरच्या दोन बोटांत सतत ओली ठेवली, तर उथळ मुळांची तणे आणि लव्हाळा यांची चंगळ होते. चार-पाच दिवसांनी एकदा, पण वीतभर खोल ओल जाईल असे पाणी दिले, तर हरळीची मुळे खाली जातात. मे महिन्यात पाणी पूर्ण तुटले तर हरळी वाळल्यासारखी दिसते, मेलेली नसते. पहिल्या वळवानंतर ती आठवड्यात हिरवी होते. झॉयसियाही सुप्तावस्थेत जाऊ शकतो, पण सावरायला त्याला बराच वेळ लागतो आणि मधल्या काळात हरळी पुढे निघून गेलेली असते.

खताचा परिणाम किती दूरगामी असतो, याचे जगातील सर्वांत जुने उदाहरण इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे आहे. लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये तेथील एका गवताळ शेताचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे खत द्यायला सुरुवात केली. हेतू चाऱ्याचे उत्पन्न वाढवण्याचा होता. काही वर्षांतच तुकड्यातुकड्यांतील वनस्पती इतक्या वेगळ्या झाल्या, की एकाच शेतातले ते आहेत यावर विश्वास बसू नये. बिनखताच्या तुकड्यांत आजही तीसहून अधिक जाती नांदतात. वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिलेल्या आणि चुना न घातलेल्या तुकड्यांची माती आम्ल होऊन तिथे दोन-तीन जातीच उरल्या. पुणे परिसरातील चुनखडीयुक्त काळ्या मातीत आम्लतेचा हा धोका कमी आहे. नत्राचा पक्षपात मात्र इथेही चालतो. युरियाची मूठ पडली की हरळी उसळते आणि रानमेथीसारखी, हवेतले नत्र स्वतः मातीत आणणारी द्विदल रोपे दबतात. खत बंद झाल्यावर दोन-तीन वर्षांत तीच रानमेथी परत दिसू लागली, तर ती भूक लागलेल्या मातीची खूण समजावी.

मोजणी आणि निर्णय

गवत बदलले आहे की नुसते तसे वाटते आहे, हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. पन्नास फुटांच्या सुतळीला अर्ध्या-अर्ध्या फुटावर शंभर गाठी माराव्यात, ती हिरवळीवर तिरकी ताणावी आणि प्रत्येक गाठीखाली काय आहे, हे लिहावे : हरळी, झॉयसिया, कार्पेट, लव्हाळा, रुंद पानाचे तण किंवा उघडी माती. शंभरपैकी जितक्या गाठी, तितके टक्के. सप्टेंबरअखेर आणि एप्रिलअखेर, दरवर्षी त्याच रेषेवर ही मोजणी केली, तर तीन वर्षांत बदलाची दिशा स्पष्ट होते. एकाच मोसमातील आकड्यांवर विसंबू नये. पावसाळ्याअखेर वर्षायू तणे फुगलेली दिसतात आणि उन्हाळ्यात ती मुळीच नसतात.

मोजणीत हरळी सत्तर-ऐंशीच्या घरात असेल, तर झॉयसियाची गादी पुन्हा अंथरण्याचा हट्ट सोडलेला बरा. भरपूर उन्हाच्या, मुले खेळतात त्या जागेला हरळीसारखे सोशिक गवत दुसरे नाही. ते नको असलेले लोक बहुधा ते जवळून पाहत नाहीत. उलट, सावलीतील उघड्या मातीवर दर दोन वर्षांनी हरळी किंवा सिलेक्शन-१ लावणे म्हणजे पैसे मातीत घालणे. तिथे कार्पेट गवत लावावे, किंवा गवताचा नादच सोडून सावलीत वाढणारी अन्य झाकरोपे लावावीत. लव्हाळा तीसच्या पुढे गेला असेल, तर वरून काही लावून उपयोग होत नाही, कारण नव्या गादीला भोसकून तो महिन्याभरात वर येतो. अशा वेळी माती एक-दोनदा खणून गाठी वेचणे, एप्रिल-मेमध्ये ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवणे आणि त्यानंतर उगवेल ते पुन्हा काढणे, असा एक संपूर्ण उन्हाळा द्यावा लागतो. प्लास्टिकचा उपाय बियांवर चांगला चालतो, लव्हाळ्याच्या गाठींवर अर्धाच. म्हणून खणण्याचे काम टाळता येत नाही.

नवी लावणी जूनमधील पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करावी. त्यापूर्वी आणलेली माती आठ-दहा दिवस ओली करून एका कोपऱ्यात पसरून ठेवली, तर तिच्यातून लव्हाळा उगवतो का, हे आधीच कळते. उगवला, तर ती माती ट्रकमध्ये परत भरून द्यावी.